वाढत्या वयातील मुले निष्ठुर होतात का?

दहावीत शिकणारा एक मुलगा. मोटारीचा धक्का लागून लंगडणारे कुत्र्याचे पिल्लू पाहून त्याला रात्रभर झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी साठवलेल्या पैशांतून तो त्याच्यासाठी औषध आणतो. त्याच आठवड्यात वर्गात अडखळत बोलणाऱ्या एका मुलाची चित्रफीत तो हसऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांसह व्हॉट्सॲपच्या गटावर पुढे पाठवतो. प्रकरण शाळेतून घरी येते तेव्हा मुलाने काय केले एवढ्यापुरता आईचा प्रश्न उरत नाही. या दोघांतला आपला मुलगा कोणता, पिलासाठी जागणारा की वर्गमित्राला हसणारा, हे तिला कळेनासे होते.

असे घर शोधायला गोमंतकात फार लांब जावे लागत नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत, देवळाच्या आवारात, लग्नाच्या मांडवात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘लहानपणी किती मायाळू होता, आता कुणाचे काही वाटतच नाही त्याला.’ असे म्हणणाऱ्या पालकाच्या मनात राग कमी आणि भीती अधिक असते. गणितात मागे पडलेल्या मुलाला शिकवणी लावता येते. दुसऱ्याचे दुःख कळत नाही अशा मुलाला कोणाकडे पाठवायचे? मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत या भीतीचा बराच मागोवा घेतला आहे. त्यातून निघणारे उत्तर पालकांना दिलासा देणारे आहे, पण त्यांना जबाबदारीतून मोकळे करणारे नाही.

आधी शब्दाचा गुंता सोडवलेला बरा. ‘सहानुभूती’ हा शब्द घडणीने उत्तम आहे, दुसऱ्यासह अनुभवणे असाच त्याचा अर्थ. पण वापरात झिजत तो दयेच्या जवळ जाऊन पोहोचला. निवडणुकीत सहानुभूतीची लाट येते आणि ‘अनुकंपा’ तर सरकारी नोकरीच्या एका तत्त्वापुरती उरली. म्हणून मानसशास्त्राच्या मराठी लेखनात ‘समानुभूती’ किंवा ‘परानुभूती’ हे शब्द रुळू लागले. इंग्रजीतील प्रतिशब्दही फार जुना नाही. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एका जर्मन संज्ञेसाठी तो योजला आणि ती जर्मन संज्ञा चित्र किंवा शिल्प न्याहाळताना त्यात मनाने शिरणाऱ्या रसिकाविषयीच्या चर्चेतून पुढे आलेली होती. आपल्याकडे अभिनवगुप्ताने काव्यनाट्याच्या आस्वादकाला ‘सहृदय’ म्हटले, त्याला हजार वर्षे झाली. सहृदयता अभ्यासाने उजळते, असे त्याचे प्रतिपादन होते. पालकांनी एवढी एक गोष्ट त्या जुन्या साहित्यशास्त्रातून उचलली तरी पुरे. कारण ‘स्वभावातच नाही’ हा घराघरांतला निष्कर्ष तिथेच डळमळतो.

समानुभूती ही एकसंध गोष्ट नाही. दुसऱ्याची वेदना पाहून आपल्या आत काहीतरी हलणे हा तिचा एक धागा. दुसऱ्याच्या जागेवरून परिस्थिती कशी दिसत असेल हे ओळखणे हा दुसरा, आणि त्याच्यासाठी काही करावेसे वाटणे हा तिसरा. पहिला धागा जवळपास जन्मासोबत येतो. प्रसूतिगृहात एक अर्भक रडू लागले की शेजारच्या पाळण्यातलेही रडू लागते. दुसऱ्या धाग्याला बुद्धी आणि कल्पना लागते, आणि तो पुष्कळ उशिरा पक्का होतो. पिल्लू आणि वर्गमित्र यांच्यातला फरक इथे उलगडतो. पिलाचे कण्हणे मुलाच्या कानांवर पडत होते. वर्गमित्राची लाज पडद्यापलीकडे होती, ती कल्पनेने उभी करावी लागली असती. आणि त्याच क्षणी गटातल्या इतरांचे हसणे मात्र पडद्यावर सरसर उमटत होते. तेव्हा पिलासाठी जागणारा आणि वर्गमित्राला हसणारा हे दोन वेगळे मुलगे नव्हेत.

कल्पनेचा हा धागा किती सावकाश वाढतो, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दिसले. सात ते सत्तावीस वर्षे वयाच्या मुली आणि तरुणींना संगणकावर चार बाय चार खणांची एक मांडणी दाखवली गेली. काही खण आरपार उघडे, तर काहींना मागून फळी. मांडणीच्या पलीकडे एक माणूस उभा. फळी लावलेल्या खणांत काय आहे ते त्याला दिसत नाही. तो सांगतो, ‘लहान चेंडू हलव.’ सर्वांत लहान चेंडू नेमका फळीच्या खणात असतो, म्हणजे तो फक्त इकडून दिसतो. पलीकडच्या माणसाला अभिप्रेत असलेला चेंडू दुसराच. त्याला काय दिसते याचा विचार केला तरच उत्तर बरोबर येते. मोठ्या वयाच्या स्त्रियाही इथे पुष्कळ चुकल्या. पण खरी मेख पुढे आहे. माणूस काढून टाकून ‘अमुक रंगाच्या खणांकडे दुर्लक्ष करा’ असा कोरडा नियम दिला, तेव्हा चौदा ते सतरा वर्षांच्या मुली प्रौढांच्या बरोबरीने उत्तरे देत होत्या. पलीकडे माणूस आला की त्या प्रौढांपेक्षा अधिक चुकत होत्या. नियम पाळण्याची बुद्धी तयार झालेली असते, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय मात्र अजून अंगवळणी पडत असते.

नेदरलँड्समध्ये जवळपास पाचशे मुलामुलींना तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत दरवर्षी प्रश्न विचारून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेण्याची क्षमता मुलींमध्ये तेराव्या वर्षापासून वाढत गेली, मुलग्यांमध्ये ती पंधराव्या वर्षानंतर वाढू लागली. दुसऱ्याविषयीची कळकळ मुलींमध्ये टिकून राहिली. मुलग्यांमध्ये मात्र ती तेरा ते सोळा या काळात ओसरली आणि नंतर सावरली. शरीराने लवकर प्रौढ झालेल्या मुलग्यांत ती अधिक कमी आढळली. ही उत्तरे मुलांनी स्वतःविषयी दिलेली होती, हे विसरून चालणार नाही. नुकताच आवाज फुटलेला मुलगा ‘मला इतरांचे वाईट वाटते’ या विधानापुढे खूण करताना काय विचार करील, हे वेगळे सांगायला नको. त्याला वाटत नाही आणि तो दाखवत नाही, या दोहोंतला फरक कागदावर कळत नाही. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईलाही तो अनेकदा कळत नाही.

म्हणून या वयातील अलिप्तता ही बहुधा वाटेतली अवस्था असते. पण ‘वाढेल आपोआप’ म्हणून हात झटकणे हा त्याचा अर्थ नव्हे. पाऊस पडतो म्हणून भात आपोआप उगवत नाही, तरवा काढून लावावाच लागतो.

लावणी कशी करायची, याविषयी न्यूयॉर्क विद्यापीठातील मार्टिन हॉफमन यांनी केलेली मांडणी आजही उपयोगी पडते. मुलाने दुसऱ्याला दुखावले असता पालक तीन प्रकारे वागतात, असे त्यांना दिसले. पहिला प्रकार सत्तेचा : मोबाइल काढून घेणे, खेळ बंद करणे, दोन धपाटे. दुसरा प्रकार प्रेम आखडून घेण्याचा. मराठी घरांत त्याला फार जुने नाव आहे, अबोला. तिसरा प्रकार म्हणजे मुलाच्या कृतीचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला ते त्याला दाखवून देणे. पहिल्या दोन प्रकारांत मुलाचे सारे लक्ष स्वतःकडे वळते. आपला मोबाइल कधी मिळणार, आई कधी बोलणार, हेच त्याच्या मनात घोळते. ज्याला दुखावले तो त्या सगळ्यातून नाहीसा होतो. तिसऱ्या प्रकारात तो समोर येऊन उभा राहतो.

चित्रफितीचेच उदाहरण घेतले तर ‘तुला लाज नाही वाटत? हेच शिकवले का आम्ही?’ हा प्रश्न कितीही कळवळून विचारलेला असला तरी तो आईबापांच्या अब्रूविषयीचा आहे. मुलाला ते बरोबर कळते, आणि तो दार लावून घेतो. ‘उद्या सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तो उभा राहील तेव्हा कुणाकडे बघेल?’ हा प्रश्न वेगळा आहे. त्याला उत्तर मिळेलच असे नाही. बहुतेक वेळा मिळत नाही. ‘सगळ्यांनीच पाठवले’ असे पुटपुटणे ऐकू येईल, किंवा नुसती शांतता. त्या शांततेत आणखी चार वाक्ये भरण्याचा मोह पालकांना आवरत नाही, आणि नेमके तिथेच काम बिघडते. पलीकडच्या माणसाला काय दिसते याचा हिशेब मुलाच्या मनात चाललेला असतो. प्रौढांनाही त्यात चुकायला होते, हे आपण पाहिलेच.

त्यानंतर कृती हवी. चित्रफीत काढून टाकणे, ज्या गटावर ती टाकली त्याच गटावर ‘हे चुकले’ असे लिहिणे. प्रत्यक्ष क्षमा मागायची की नाही, हे मात्र दुखावलेल्या मुलाच्या इच्छेवर सोडावे. आपल्या मुलाला धडा मिळावा म्हणून दोघांना समोरासमोर बसवणारे, वर त्याचे छायाचित्र काढणारे उत्साही पालक असतात. ज्याची आधीच एकदा चारचौघांत थट्टा झाली, त्याला दुसऱ्याच्या मुलाच्या संस्कारवर्गाचे साधन करणे हा अपमान आहे.

दुखावलेल्याला समोर आणणे हे झाले चूक घडल्यानंतरचे. त्याच्या अगोदर, रोजच्या व्यवहारात समानुभूती कुठून झिरपते? व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन यांच्या गटाने १८४ मुलामुलींचा तेराव्या वर्षापासून तिशीपर्यंत पाठपुरावा केला. त्यावर आधारलेला जेसिका स्टर्न आणि सहकाऱ्यांचा निबंध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा वर्षांचे मूल आपली एखादी अडचण आईला सांगत आहे आणि आई ऐकत आहे, अशी भेट चित्रित केली गेली. आई किती समजून घेते, किती आधार देते, हे निरीक्षकांनी मोजले. नंतर एकोणिसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी तेच मूल आपल्या जिवलग मित्राची अडचण कशी ऐकते, हे पाहिले गेले. ज्यांना तेराव्या वर्षी घरी समजून घेतले गेले होते, ती मुले मित्रांना अधिक समजून घेत होती. पुढे त्यांच्यापैकी जे आईबाप झाले, त्यांत मित्रांना समजून घेणारे स्वतःच्या मुलांच्या रडण्याला अधिक आधार देणारे निघाले. या अभ्यासात वडिलांचे मोजमाप नव्हते, ही त्याची उणीव म्हणावी लागेल. ज्यांच्या घरातील वडील वर्षातले कित्येक महिने बोटीवर असतात आणि मुलाच्या अडचणी व्हिडिओ कॉलवर ऐकतात, अशा गोमंतकीय कुटुंबांना तर ती विशेष जाणवेल.

या निष्कर्षात पालकांच्या नजरेतून सहज निसटणारी एक गोष्ट आहे. समानुभूतीचा सराव या वयात मित्रांमध्ये होतो. आजीचे गुडघे दुखतात तेव्हा न उठणारा मुलगा मित्राचे आईवडील विभक्त होत असताना त्याच्यासोबत मैदानाच्या कट्ट्यावर दोन तास बसलेला असतो, आणि घरी त्याचे नाव ‘वेळेचे भान नसलेला’ असे पडते. त्याने कुठे आणि काय दिले, हे घराला कळत नाही. विचारले तरी तो सांगेल असे नाही. समोर बसवून घेतलेल्या चौकशीपेक्षा स्कूटरवर मागे बसलेला असताना, किंवा भाजी निवडता निवडता, एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता झालेले बोलणे या वयाला अधिक मानवते.

समानुभूतीची आणखी एक बाजू अवघड आहे, आणि गोमंतकात तिच्यावर फारसे बोलले जात नाही. माणसाला आपल्यासारख्या माणसाचे दुःख चटकन कळते, परक्याचे उशिरा. आज राज्यातील अनेक शाळांत कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या मजुरांची मुले गोमंतकीय मुलांच्या शेजारी बसतात. जेवताना घरात ‘घाटी’ आणि ‘भायले’ हे शब्द सहज उच्चारले जातात. जमिनी, नोकऱ्या, कचरा, गुन्हे यांविषयीच्या खऱ्या काळज्याही त्याच शब्दांत गुंडाळून बोलल्या जातात. मुलगा ते ऐकतो. दुसऱ्या दिवशी तोच शब्द तो बाकावरच्या शेजाऱ्यासाठी वापरतो, आणि शाळेतून तक्रार आली की आईवडिलांना धक्का बसतो. स्थलांतराच्या धोरणाविषयी कुटुंबाचे मत काहीही असो, ज्याच्या डब्यात काय आहे हे मुलाला ठाऊक आहे त्या मुलाचे नाव घरात नावानेच घेतले जावे, एवढे तरी पालकांच्या हाती आहे. ‘श्यामची आई’मध्ये अस्पृश्य ठरवलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावर लाकडाची मोळी चढवून द्यायला आई श्यामला पाठवते, तो प्रसंग मराठी घरांना परिचित आहे. तिथे आईने गावाच्या समजुती बदललेल्या नाहीत. तिने मुलाचा हात त्या मोळीला लागेल अशी व्यवस्था केली.

अशी व्यवस्था शाळेलाही करता येते, आणि तिचा पुरावा गोव्यात मुळे असलेल्या एका संस्थेच्या कामात आहे. ‘संगाथ’ने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये एक उपक्रम राबवला, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. प्रार्थनासभेतील चर्चा, भित्तिपत्रक, मुलांनी मनातले लिहून टाकण्याची पेटी आणि गरजेनुसार व्यक्तिगत समुपदेशन, असे त्याचे साधे स्वरूप होते. काही शाळांत हे काम यासाठीच नेमलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीने केले, काहींत तेथील शिक्षकांनी. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधील दादागिरी, हिंसा आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. यात शिक्षकांचा दोष काढण्याचे कारण नाही. सकाळी गुण देणाऱ्या, दुपारी शिक्षा करणाऱ्या माणसापाशी संध्याकाळी मन मोकळे करणे कोणत्याही मुलाला जड जाते. समुपदेशनाचे तास शिक्षकांच्याच वेळापत्रकात बसवू पाहणाऱ्या शाळांनी हा अनुभव नजरेआड करू नये.

आतापर्यंतचे सारे विवेचन समानुभूती कमी असण्याच्या भीतीविषयी झाले. ती अधिक असण्याचाही त्रास असतो, आणि तो बहुधा ‘समंजस’ म्हणून कौतुक झालेल्या मुलींच्या वाट्याला येतो. रात्री बारा वाजता मैत्रिणीचा संदेश येतो : जगावेसे वाटत नाही, कुणाला सांगू नकोस. पंधरा वर्षांची मुलगी पहाटेपर्यंत उत्तरे देत राहते, सकाळी डोळे सुजलेले, आणि घरी सांगितले तर मैत्री तुटेल ही धास्ती. दुसऱ्याच्या वेदनेने माणूस इतका भारून जातो की त्याला स्वतःचाच तोल सावरता येत नाही, याकडे हॉफमन यांनीही लक्ष वेधले होते. अशा मुलीला ‘तुला कशाला दुसऱ्याच्या भानगडी?’ असे ऐकवणे म्हणजे तिच्यातील उत्तम गुणालाच दोष ठरवणे होय. मैत्रिणीच्या जिवाचा प्रश्न असेल तर ते गुपित राहू शकत नाही, ते मोठ्यांच्या हाती देणे हा विश्वासघात नाही, हे तिला संकटाच्या रात्रीआधीच ठाऊक असायला हवे. आणि मुलीने सांगितल्यावर पुढचे काम पालकांचे. त्याच रात्री त्या मैत्रिणीच्या घरच्यांना सावध करावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क उपलब्ध आहे, आणि बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत उपचारांची सोय आहे.

भार पालकांवरही येतो. मुलांना समजून घेणाऱ्या पालकांविषयी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एरिका मँझॅक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक लक्षवेधी अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक अशा २४७ जोड्या त्यात होत्या. समजूतदार पालकांची मुले भावना अधिक चांगल्या सावरत होती आणि त्यांच्या रक्तातील दाहाची लक्षणे कमी होती. पालकांना स्वतःविषयी समाधान वाटत होते, आयुष्याला अर्थ आहे असे वाटत होते. मात्र त्यांच्या रक्तातील दाहाची लक्षणे अधिक होती. मन तृप्त आणि शरीर थकलेले, असा तो ताळेबंद. दिवसभर कार्यालयात किंवा दुकानात राबून, सासूसासऱ्यांची औषधे सांभाळून रात्री दहा वाजता मुलाचे मन उलगडायला बसलेल्या आईला त्यात आश्चर्य वाटणार नाही. अशा वेळी तिने ‘आज माझे डोके शांत नाही, उद्या सकाळी बोलू’ असे सरळ सांगितले आणि सकाळी चहाच्या वेळी तो विषय खरोखर काढला, तर मुलाच्या हिशेबी ते टाळणे ठरत नाही. आई थकते, ही बाबही पुष्कळ मुलांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळते.